ग्रहणाची चित्रे व डोळ्यांची साक्ष

न्यूयॉर्क शहरातील ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ हे निसर्गेतिहासाचे संग्रहालय प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सांगाड्यांसाठी, पेंढा भरलेल्या हत्तींसाठी आणि आकाशातून पडलेल्या लोहपाषाणांसाठी जगप्रसिद्ध आहे. त्याच्या संग्रहात तैलचित्रेही आहेत हे पुष्कळांस ठाऊक नसते; आणि त्यांतील काही चित्रे आकाशातील देखाव्यांची आहेत हे ऐकून तर चांगला जाणता वाचकही क्षणभर थबकतो. चित्राची जागा कलादालनात, हाडांची जागा संग्रहालयात, अशी आपण मनाशी वाटणी करून ठेवलेली असते. आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रे व पेंढा भरलेले प्राणी एकाच छपराखाली नांदतात खरे, परंतु दालने वेगळी, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाताना पाहणाराची वृत्तीही पालटते. तेव्हा हाडे, दगड व अंडी यांच्या पंक्तीस एखादे तैलचित्र बसविले, तर ते कलाकृती म्हणून बसविले की नमुना म्हणून?

वरवर पाहता हा व्यवस्थापकांच्या सोयीचा प्रश्न दिसतो. त्याच्या पोटात एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते. संग्रहालयातील प्रत्येक हाडाबरोबर एक चिठ्ठी असते. ते कोणाचे, कोठे व केव्हा सापडले हे तीवर लिहिलेले असते, आणि चिठ्ठी खोटी निघाली की हाडाची शास्त्रीय किंमत तेथेच संपते. चित्रासही हाच नियम लावावयाचा काय? जो देखावा पुन्हा घडणार नाही, ज्याची पडताळणी दुसऱ्या कोणास करता येणार नाही, त्याचे चित्र काढणारा माणूस आपल्याला काय देणे लागतो?

या संग्रहातील सर्वांत नामांकित चित्रे हॉवर्ड रसेल बटलर यांची आहेत. बटलर (१८५६–१९३४) हे प्रिन्स्टन येथे विज्ञान शिकले, पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, आणि अखेर रंगांच्या पेटीकडे वळले. समुद्राचे देखावे व थोरामोठ्यांची व्यक्तिचित्रे यांत त्यांचा हातखंडा होता. पोलादाचे धनी अँड्र्यू कार्नेगी यांना तर त्यांनी कितीदा तरी रंगविले. अशा या गृहस्थांस १९१८ साली एक चमत्कारिक निमंत्रण आले. ८ जून रोजी अमेरिकेतून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. ते पाहण्यासाठी तेथील नाविक वेधशाळेची एक मोहीम ऑरेगन प्रांतातील बेकर या गावी जाणार होती. तिच्याबरोबर जाऊन ग्रहणाचे चित्र काढावे, असे ते निमंत्रण होते. व्यक्तिचित्रास बसणारा माणूस चित्रकाराला दोन-दोन तासांच्या अनेक बैठकी देतो. येथे सूर्यमहाराजांनी देऊ केलेली बैठक एकच, आणि तीही ११२ सेकंदांची.

एवढ्या वेळात तैलचित्र तर सोडाच, साधा रंगही कालवून होत नाही. बटलर यांनी यावर शोधलेली तोड मोठी मननीय आहे. मावळत्या आकाशाचे वा लाटेवरील उजेडाचे क्षणात पालटणारे रंग टिपून घेण्यासाठी त्यांनी पूर्वीच स्वतःची एक लघुलिपी बसविली होती. ग्रहणाच्या वेळी कुंचला हाती न धरता त्यांनी या लघुलिपीत रंग, छटा व उजेडाचे कमीअधिक प्रमाण कागदावर उतरवून घेतले. आकृतीच्या कडा कोठवर जातात, शलाका कोणत्या दिशेस किती लांब आहेत, हे मागाहून शास्त्रज्ञांच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. रंग मात्र आपल्या टिपणातले घेतले. म्हणजे ज्या गोष्टीत काच अधिक विश्वासू तेथे काचेचे ऐकावयाचे आणि ज्या गोष्टीत डोळा अधिक विश्वासू तेथे डोळ्याचे, असा हा निवाडा होता. पुढे १० सप्टेंबर १९२३ रोजी कॅलिफोर्नियातील लोम्पोक येथे व २४ जानेवारी १९२५ रोजी कनेक्टिकटमधील मिडलटाउन येथे त्यांनी हाच उद्योग पुन्हा केला. या तीन ग्रहणांची तीन मोठी चित्रे एकत्र जोडून झालेले त्रिपट १९३५ साली उघडलेल्या हेडन तारांगणात, म्हणजे याच संग्रहालयाच्या वास्तूत, पुष्कळ वर्षे प्रेक्षकांसमोर होते.

छायाचित्रणाची कला हाताशी असता हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सूर्यग्रहणाचे पहिले बऱ्यापैकी छायाचित्र २८ जुलै १८५१ रोजीच प्रशियातील क्योनिग्झबर्ग येथे बेरकोव्स्की यांनी घेतले होते, आणि १८६० सालच्या ग्रहणात तर स्पेनमध्ये दोन दूरदूरच्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांनीच एक जुना वाद मिटविला: चंद्राच्या कडेबाहेर दिसणाऱ्या तांबूस ज्वाला सूर्याच्या आहेत, चंद्राच्या नव्हेत, हे तेव्हा सिद्ध झाले. परंतु सूर्याभोवतीचे जे रुपेरी प्रभामंडल खग्रासाच्या वेळी उमलते, त्याची गोष्ट वेगळी आहे. सूर्यबिंबाला लागून ते अत्यंत तेजस्वी असते आणि थोडे बाहेर गेले की त्याचे तेज हजारो पटींनी उतरते. काच थोडा वेळ उघडी ठेवली तर आतला भाग नीट येतो आणि बाहेरच्या शलाका अंधारात बुडतात. जास्त वेळ ठेवली तर शलाका येतात आणि आतला भाग नुसता पांढरा फटफटीत होतो. मनुष्याचा डोळा या दोन्ही टोकांना एकाच दृष्टिक्षेपात सांभाळतो. त्यातून १९१८ सालची काच बहुतांशी रंगांधळी होती. ज्वालांचा गुलाबी, क्षितिजावरचा पिवळसर नारिंगी, आणि झाकल्या सूर्याभोवतीच्या आकाशाचा तो गर्द निळा, हे सारे तिच्या लेखी करड्याच्या निरनिराळ्या पायऱ्या.

तथापि डोळा तरी कितपत विश्वासू? एकोणिसाव्या शतकात एकाच ठिकाणी, एकाच वेळी, शेजारी शेजारी बसून काढलेली प्रभामंडलाची चित्रे एकमेकांपुढे ठेवली, तेव्हा ती एकाच वस्तूची आहेत हे ओळखणे कठीण झाले. एकाने चौकोनी तारा काढावा, दुसऱ्याने गोल वलय, तिसऱ्याने पंख पसरलेला पक्षी. हे सारे खोटारडे होते काय? मुळीच नव्हते. जे एक-दोन मिनिटे टिकते, ज्याच्या दर्शनाने अंगावर काटा उभा राहतो, त्याचे चित्र काढताना हात मनाचे ऐकतो आणि मन आधी पाहिलेल्या चित्रांचे ऐकते. म्हणून दक्ष मंडळींनी उपाय योजले: खग्रासापूर्वी काही वेळ डोळ्यांवर पट्टी बांधून बसावयाचे, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात, काठीच्या टोकास तबकडी लावून आतला झगझगीत भाग झाकावयाचा, म्हणजे बाहेरच्या मंद शलाका दिसतात. १८७८ च्या जुलै महिन्यात पाइक्स पीक या उंच शिखरावरून लँग्ले यांस सूर्याच्या व्यासाच्या बारापट अंतरापर्यंत प्रभामंडल दिसले. लँग्ले हे नामांकित शास्त्रज्ञ होते. तरीही ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्या मनात शंका राहणे स्वाभाविक होते.

या प्रकरणाचा पुढचा अध्याय आपल्या मुलखात लिहिला गेला, आणि तो आपल्याकडे कोणास फारसा आठवत नाही याचे आम्हांस नवल वाटते. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून गेले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपला चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. त्याच गावी पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाएगामवाला यांचाही तळ होता. तिकडे वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ज्योतिषसंघाची मंडळी होती, आणि त्यांत वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर हे जोडपे होते. अ‍ॅनीबाई ग्रिनिच वेधशाळेत गणिताचे काम करीत असत. लग्न झाले म्हणून १८९५ साली त्यांस ती नोकरी सोडावी लागली होती. नोकरी गेली तरी आकाश कोणी काढून घेतले नव्हते. लहानशा भिंगाचा, परंतु आकाशाचा विस्तीर्ण भाग सामावून घेणारा कॅमेरा त्यांनी स्वतः योजून आणला होता, आणि त्याच्या काचेवर प्रभामंडलाची एक शलाका अशी उमटली की तोवर छायाचित्रात आलेल्या शलाकांत ती सर्वांत लांब ठरली. लांब शलाका पाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या डोळ्यांची लाज वऱ्हाडच्या कोरड्या थंडीतल्या आकाशाने राखली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आम्ही ज्या प्रश्नापासून निघालो त्याकडे येऊ. साक्षीदार प्रामाणिक आहे एवढ्याने त्याची साक्ष खरी होत नाही, हे वरच्या हकिकतीवरून उघड आहे. मग प्रामाणिकपणाने साधले काय? आमचे उत्तर असे की, प्रामाणिकपणा म्हणजे नुसते खोटे न बोलणे नव्हे. आपण काय पाहिले आणि काय भरून काढले, यांमधील रेघ पुसू न देणे हा त्याचा कठीण भाग आहे. बटलर यांचे चित्र निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात शोभते ते याच कारणाने. रंग माझ्या टिपणातले, कडा छायाचित्रातल्या, स्थळ अमुक, दिवस अमुक, अशी चिठ्ठी त्याच्याबरोबर आहे. सौंदर्य हे त्यावरचे व्याज.

ही दृष्टी परकी आहे असे कोणी समजू नये. आमच्या ज्योतिषात ‘दृक्प्रत्यय’ असा एक फार मोलाचा शब्द आहे. गणिताने आलेला ग्रह डोळ्यांस त्या जागी दिसला पाहिजे, न दिसल्यास दोष गणिताचा, असा त्याचा अर्थ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी ब्राह्म, आर्य व सौर या तिन्ही पक्षांच्या ग्रंथांवरून ग्रह काढून ते आकाशातील ग्रहांशी ताडून पाहिले, कोठे किती अंतर पडते हे लिहून ठेवले, आणि तदनुसार अंक सुधारले. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली, जो ‘ग्रहलाघव’ रचला, त्याच्या आधाराने महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके चालली. आणि काळ लोटून त्यातही अंतर पडू लागले तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली नवी कोष्टके सिद्ध केली. त्यावरून पंचांगाचा जो वाद माजला तो आपल्या वाचकांच्या घराण्यांतून दोन-तीन पिढ्या चालला असेल. एका घरी एकादशी आज तर शेजारी उद्या. त्या वादाची आज थट्टा होते. आम्हांस मात्र त्यात एक आदरणीय गोष्ट दिसते: ग्रंथाचे वचन मोठे की डोळ्यांचा प्रत्यय मोठा, या प्रश्नासाठी सामान्य गृहस्थ आपला उपास पुढेमागे करावयास तयार होते.

इतके असून आमच्याकडे ग्रहणाचे चित्र नाही. ऋग्वेदातील अत्रींनी स्वर्भानूचा अंधार दूर केल्याची कथा आहे; ग्रहणाच्या पर्वावर दिलेल्या दानांचे ताम्रपट शेकड्यांनी सापडतात आणि इतिहासकारांस कालनिर्णयाच्या कामी ते फार उपयोगी पडतात; वराहमिहिराने तर ग्रहणाचे खरे कारण छाया आहे हे सांगून, शिवाय ग्रस्त बिंबाच्या रंगांची शुभाशुभ फळेही दिली आहेत. म्हणजे रंगांकडे डोळा होता. परंतु तो रंग कसा दिसला हे सांगण्यापेक्षा त्याचे फळ काय हे सांगण्याकडे तो लवकर वळला. गणित करणारा ग्रहणाचा क्षण घटीपळांत सांगे, आणि तो क्षण आला की घरोघरी दारे लागत, माणसे स्नानास व जपास बसत. आम्ही येथे कोणाच्या श्रद्धेस नावे ठेवीत नाही. नाशिकसारख्या क्षेत्रात राहून ग्रहणाच्या दिवशी रामकुंडावर लोटणारी माणसे पाहिली, तर त्यांच्या मनातील भयाला व आदराला हसण्याचे धाडस कोणी करू नये. तरीसुद्धा जे प्रभामंडल कित्येक पिढ्यांच्या डोक्यावर उमलून गेले, त्याची एकही रेघ कोणी भिंतीवर ओढून ठेवली नाही, याची चुटपुट लागून राहते.

बटलर यांनी ग्रहणांखेरीज आणखीही काही चित्रे काढली आणि ती याच संग्रहालयाने बाळगली: चंद्रावरून दिसणारी पृथ्वी, मंगळाच्या उपग्रहावरून दिसणारा मंगळ. येथे चित्रकार कोठे उभा होता? कोठेच नव्हता. तर मग नुकत्याच घातलेल्या आमच्या कसोटीस ही चित्रे उतरतात की नाही? कडक माणूस म्हणेल, नाही. ज्याने पाहिले नाही त्याने रंगवू नये. आम्ही इतके कडक नाही. मंगळाच्या चंद्रावर मनुष्य गेलेला नाही हे बघणारा प्रत्येक जण जाणतो, म्हणून ते चित्र ‘मी पाहिले’ असे म्हणतच नाही. ‘असे दिसावे’ एवढेच म्हणते. कल्पनेचे आणि असत्याचे कूळ वेगळे आहे.

परंतु कल्पनेलाही आपले ऋण असतेच, आणि ते कसे फेडावे याचा चंद्रावरील डोंगरांइतका सुंदर दाखला आम्हांस दुसरा ठाऊक नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक चित्रकारांनी चंद्राचे डोंगर सुयांसारखे टोकदार रंगविले. तर्क बिनतोड होता: तेथे वारा नाही, पाऊस नाही, नदी नाही, झिजविणारे काहीच नसल्यामुळे शिखरे तीक्ष्ण राहिली असली पाहिजेत. अमेरिकन चित्रकार चेस्ली बॉनस्टेल यांच्या कुंचल्याने हे टोकदार डोंगर घरोघरी पोहोचविले. फ्रान्समध्ये मात्र ल्यूसियाँ र्‍यूदो नावाचे चित्रकार होते, ते स्वतः दुर्बिणीतून आकाश पाहणारे. चंद्राच्या कडेवर डोंगरांच्या आकृती अस्मानावर उठून दिसतात. त्या त्यांनी न्याहाळल्या आणि जशा दिसल्या तशा, गोलसर व उतरत्या, रंगविल्या. १९६९ पासून माणसे चंद्रावर उतरली तेव्हा डोंगर र्‍यूदो यांच्या चित्रातल्यासारखे निघाले. वारा नसला तरी अब्जावधी वर्षे चाललेल्या बारीकसारीक उल्कांच्या माराने ते गोटाळून गेले आहेत. म्हणजे बिनतोड तर्क चुकला. आणि पुरावा कोणा गुप्त ठिकाणी नव्हता. चांगल्या दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या कोणासही तो दिसण्याजोगा होता.

याच बॉनस्टेल यांचे टायटन या उपग्रहावरून दिसणाऱ्या शनीचे चित्र १९४४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात आले. निळे आकाश, बर्फाळ कडे, मधोमध वलयांकित शनी. ते पाहून कित्येक मुले पुढे आकाशविज्ञानाकडे वळली असे सांगतात, आणि आम्हांस ते खरे वाटते. २००५ च्या १४ जानेवारीस ह्यूगेन्स यान टायटनवर उतरले, तेव्हा तेथे नारिंगी धुक्याचे दाट आवरण आढळले. त्यातून शनी दिसण्याची सोय नाही. तरीही हे चित्र कोणी खोटे म्हणून जाळावे असे आम्ही म्हणणार नाही. चित्र तेच राहिले, फक्त ते आता शनीविषयीचे न राहता १९४४ सालच्या माणसांच्या आशेविषयीचे झाले. चिठ्ठी बदलावी लागते; वस्तू फेकावी लागत नाही.

खरा धोका कोठे आहे तर जेथे कल्पना साक्षीचा अंगरखा घालून येते तेथे. मंगळावरील कालवे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १८७७ साली स्क्यापारेल्ली यांस मंगळावर रेषा दिसल्या; पुढे लॉवेल यांनी त्या रेषांचे नकाशेच्या नकाशे काढले आणि त्यांवरून तेथे तहानलेली, बुद्धिमान प्रजा वसविली. या नकाशांवर शंका घेणाऱ्यांत अग्रणी कोण, तर वऱ्हाडात ग्रहण पाहून गेलेले तेच वॉल्टर माँडर. त्यांनी इव्हान्स या गृहस्थांच्या साहाय्याने ग्रिनिचच्या एका शाळेतील मुलांपुढे एक गोल चित्र टांगले. त्यावर रेघा नव्हत्या, काही अस्पष्ट ठिपके व डाग मात्र होते. जवळच्या मुलांनी ठिपके काढले, आणि काही अंतरावर बसलेल्या मुलांनी ते जोडून सरळ रेघा काढल्या! मुलांनी कोणास फसविले नव्हते. लॉवेल यांनीही नव्हते. परंतु लॉवेल यांनी स्वतःच्या डोळ्याची अशी उलटतपासणी केली नाही, ही त्यांची उणीव आम्ही बुद्धीची न समजता शीलाची समजतो. हे मत कोणास कठोर वाटेल. वाटो.

घरचेही एक उदाहरण दिल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवितात, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात तेथूनच लॉकियर साहेबांनी हेलियम वायूचा शोध लावला, असे मोठ्या अभिमानाने सांगतात; त्या तारखेस तेथे उत्सवही होतो. त्या दिवशी खग्रासाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला हे खरे. परंतु लॉकियर त्या वेळी विलायतेत होते. ते ग्रहण वर्णपटदर्शकातून पाहिले ते गुंटूरला जान्सेन व टेनंट यांनी, मछलीपट्टणला पॉग्सन यांनी, आणि आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहणावाचूनच सौरज्वालांचा वर्णपट पाहण्याची युक्ती साधली, आणि त्यातील पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव आले. विजयदुर्गास ते आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे जेऊर व तळणीच्या वेळी. चौथरे त्या मोहिमेचे. आता ही गोष्ट सांगितली की आमचे कोकणातील स्नेही हिरमुसतात. आमचे म्हणणे असे की, किल्ल्याला लाज वाटावी असे यात काही नाही. समुद्रात पाय रोवून उभ्या असलेल्या दुर्गावर एका मोठ्या शास्त्रज्ञाने एका पौषी अमावास्येस ग्रहण पाहिले, ही खरी चिठ्ठी पुरेशी मौल्यवान आहे. ती फाडून तेथे तीस वर्षे आधीची चिठ्ठी चिकटविली, म्हणजे जमखंडीच्या हर्शेलचा आणि मछलीपट्टणच्या पॉग्सनचा वाटा आपण नकळत काढून घेतो. गावाच्या प्रेमाने झालेली असली तरी ती दुसऱ्याच्या पदरची चोरी आहे.

आम्ही राहतो ते नाशिकचे इंदिरानगर. गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, आणि रात्री महामार्गावरील व इमारतींच्या दिव्यांमुळे ठळक तारे तेवढे दिसतात. ज्या शहराचा सिंहस्थ गुरूच्या सिंहराशीतील प्रवेशावर ठरतो, त्या शहरात गुरू आज कोठे आहे हे बोट करून दाखविणारा मनुष्य शोधावा लागतो, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. २२ जुलै २००९ चे खग्रास सुरतेवरून गेले आणि आमच्या वाट्यास आषाढी अमावास्येचे खंडग्रास आले. महापालिकेने यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे तारांगण या शहरात उभारले आहे. परंतु आकाशाची बहुतेक ओळख आता घरोघरी होते ती मोबाइलच्या काचेवर, चित्रांतून. आणि या चित्रांना चिठ्ठी नसते, किंवा असते ती दुसऱ्याच वस्तूची असते.

दर दिवाळीस एक चित्र आम्हांस किमान चार नातलगांकडून येते: काळोखात झळाळणारा भारत, पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, तांबड्या दिव्यांनी नटलेला, आणि खाली लिहिलेले, दिवाळीच्या रात्री उपग्रहातून दिसलेला आपला देश. हे चित्र खोटे नाही. अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाने १९९२ ते २००३ या काळात रात्रीचे दिवे कोठे कोठे वाढत गेले हे दाखविण्यासाठी, निरनिराळ्या वर्षांच्या नोंदी निरनिराळ्या रंगांत एकावर एक ठेवून ते सिद्ध केले. त्यात दिवाळी कोठेच नाही. खऱ्या दिवाळीत उपग्रहाला आपला देश इतर रात्रींहून फारसा वेगळा दिसत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरातील तसे चित्र अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने मुद्दाम प्रसिद्धही केले होते. परंतु ते फिके चित्र कोणी कोणास पाठवीत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. अनेक छायाचित्रे जोडून केलेले चित्र तेवढ्यानेच अप्रामाणिक ठरत नाही. चेक गणिती मिलोस्लाव्ह ड्रुकम्युलर हे ग्रहणाची कमीअधिक वेळ घेतलेली पुष्कळ छायाचित्रे गणिताने एकत्र करून प्रभामंडलाचे असे तंतू दाखवितात की ते कोणा मनुष्याच्या डोळ्यास कधी दिसले नसतील. १९९५ साली हबल दुर्बिणीने घेतलेल्या गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध स्तंभांत गंधकास तांबडा, उदजनास हिरवा व प्राणवायूस निळा रंग दिला तो माणसांनी ठरवून. परंतु ते ठरविले आहे हे सांगून दिला. बटलर यांच्या लघुलिपीचीच ही पुढची पिढी होय, आणि तीस आमचा नमस्कार आहे. आमचा आक्षेप आहे तो आता यंत्राला चार शब्द सांगून घडविलेल्या, कोठल्याच आकाशाखाली न घेतलेल्या ग्रहणांच्या चित्रांवर, जी खऱ्या छायाचित्रांच्या रांगेत गुपचूप येऊन बसतात. त्यांत सूर्य फार सुंदर असतो. तो कोणत्या वर्षाचा, हे मात्र विचारता येत नाही. बटलर यांच्या त्रिपटास ते विचारता येते: १९१८ साल सूर्यडागांच्या भरतीजवळचे, १९२३ ओहोटीचे, १९२५ पुन्हा भरतीकडे चाललेले, डाग पुष्कळ असता प्रभामंडल सर्व बाजूंस फुललेले असते, आणि कमी असता विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस पंखांसारखे ताणलेले.

डोळ्याच्या साक्षीचे दिवस आता संपले, असे म्हणणाऱ्यांस आम्ही चंद्रग्रहणाची आठवण देतो. ग्रस्त चंद्राचा रंग दर वेळी निराळा असतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला उजेडच त्यास रंगवितो. डाँजाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२१ साली त्यासाठी शून्यापासून चारपर्यंत श्रेणी ठरविली: जवळजवळ अदृश्य काळा चंद्र शून्य, तेजस्वी तांबूस-नारिंगी चार. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र इतका काळवंडला की पाहणाऱ्यांस तो शोधावा लागला. यासाठी लागते काय, तर साधा डोळा आणि आपण पाहिले तेच लिहिण्याची सवय.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. आमच्या आळीतील काही मुले मोठ्यांची कशीबशी संमती मिळवून गच्चीवर जमली, आणि आम्ही त्यांस कागद व रंगीत खडू देऊन एवढेच सांगितले की, दिसेल तसा चंद्र काढा व खाली वेळ लिहा. भाद्रपदाचे आकाश, ढग येत-जात होते. दुसऱ्या दिवशी आम्ही कागद पाहिले. एकाने लालभडक चंद्र काढला होता; त्याने तो आधल्या दिवशी मोबाइलवर पाहिला होता आणि तसे विचारता कबूलही केले. एका मुलीने विटकरीवर तपकिरी घासून, एका कडेला थोडा उजळ ठेवून, बराच चांगला साधला होता. सर्वांत लहान मुलाच्या कागदावर अर्ध्याच चंद्राला रंग होता, उरलेला अर्धा कोरा ठेवून त्याने बाजूस लिहिले होते, “इथे ढग होता.”